मामांनी विमान केलं

माझ्या बायकोचे मामा जगातल्या यच्चयावत माणसांची दोनच वर्गांत वाटणी करायचे: तिकीट काढणारे आणि गाडी करणारे. पहिल्या वर्गात तुम्ही, मी आणि जवळजवळ सगळी डोंबिवली येते. दुसऱ्या वर्गात एकटे मामा. "तिकीट काढलं की आपण गाडीचे होतो, जावईबापू. गाडी केली की गाडी आपली होते," हे वाक्य त्यांनी माझ्या साखरपुड्यातच मला ऐकवलं होतं, आणि ते बोलताना त्यांचा चेहरा कीर्तनकारासारखा झाला होता. माणसं घर करतात, लग्न करतात, सोळा सोमवार करतात. मामा गाडी करायचे. कामावर जायला अर्थात त्यांच्याकडे रेल्वेचा पास होता, पण पास म्हणजे तिकीट नव्हे, तो एक प्रकारचा करार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावर वाद घालायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

मामा अंगाने किरकोळ, आवाजाने भरदार. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायच्या खात्यात होते. पोपटी आणि कोवळा पोपटी यांत फरक असतो आणि तो न कळणारा माणूस अर्धा आंधळा, असं ते मानायचे. मामींचा डावा पाय लहानपणीच्या तापात आखूड झालेला. त्या चालायच्या सावकाश, एका अंगावर झुकून, पण जीभ अशी चालायची की पायाची कसर भरून निघावी. घरी शिलाईचं मशीन होतं. अर्ध्या आळीची पोलकी मामींच्या हातची. दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझी बायको विद्या ही त्यांची मुलगीच, आणि त्या हिशेबाने मी जावई. आता जावई म्हटला की त्याला पहिला मान असतो. मामांनी हा मान मला अगदी काटेकोरपणे दिला. जे जे काही धोक्याचं असेल, ते ते आधी माझ्याकडून करवून घेतलं.

इथे माझ्याविषयी सांगायला हवं. मी ठाकुर्लीला राहणारा, पेशाने ड्राफ्ट्समन, म्हणजे दुसऱ्यांनी बांधायच्या गोष्टींच्या सरळ रेघा कागदावर ओढणारा. स्वभावाने भित्रा. जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली, हे मी अजून पायाने चाचपून बघतो. खोकल्याच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' असं लिहिलेलं असलं तर किती हलवायचं, या विचाराने माझा खोकला जातो. अशा माणसाला देवाने मामा दिले. म्हणजे देवाला विनोदाची आवड आहे.

गाडी करण्याची मामांची एकेक तऱ्हा. कोपरच्या खाडीपलीकडे एक मुंज होती. होडीवाला कोळी म्हणाला, "मामा, चार माणसं अजून घेतो, मग सोडतो." मामा म्हणाले, "आख्खी होडी केलीय." आणि पंधरा-वीस माणसं मावतील अशा त्या होडीत, मधोमध सतरंजी टाकून, मामा आणि मामी असे दोघेच संस्थानिकांसारखे पलीकडे गेले. काठावर उरलेली माणसं हात जोडून उभी होती असं मामा सांगत. ती हात जोडून नव्हे, कमरेवर ठेवून उभी होती असं मामी सांगत. एकदा मामींची दाढ दुखायला लागली, तर ठाण्याच्या डॉक्टरकडे न्यायला मामांनी मॅटॅडोर केली. एका दाढेसाठी मॅटॅडोर! मग उरलेल्या जागा फुकट कशाला घालवायच्या म्हणून बिल्डिंगमधल्या लोकांना बरोबर घेतलं. गेलेच आहोत तर दाखवून घेऊ, असं करत सगळ्यांनी तोंडं उघडली. येताना मामींची दाढ शाबूत होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांच्या मात्र नव्हत्या. त्यांच्या जोडीला तिसरा मी असतो. पण मी ऐनवेळी गाडीतच बसून राहिलो, गाडीची राखण करतो म्हणून.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका रविवारी सकाळी आम्ही मामांकडे टीव्ही बघत बसलो होतो. परदेशातले लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून सुळसुळ घसरत होते. मामा खुर्चीतून पुढे सरकले. मामा खुर्चीतून पुढे सरकतात हे लक्षण वाईट. मग म्हणाले, "हे बरं आहे. ह्यात चालावं लागत नाही." त्यानंतर चहा आला, चिवडा आला, आणि चिवड्याबरोबर निर्णय आला. "विदे, आपण हिमालयात जायचं. स्की करायला." विद्याने आनंदाने टाळी वाजवली. मी धीर करून विचारलं, "गाडी करून? इतक्या लांब?"

मामांनी माझ्याकडे अत्यंत प्रेमाने पाहिलं. "गाडी कशाला? विमान करू."

तोवर आमच्यापैकी एकही जण विमानात बसला नव्हता. मी तर विमानतळावर कुणाला सोडायलाही गेलो नव्हतो.

आधी सराव हवा. मामांनी कारखान्यातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या, तासून पुढून वाकवल्या, त्यांवर जुने कॅनव्हासचे बूट ठोकले आणि सुंदर आकाशी रंग दिला. (आकाशी नव्हे, 'पहाटेचा आकाशी'.) डोंबिवलीत बर्फ नाही, पण कोपरच्या खाडीला ओहोटीचा चिखल आहे, आणि घसरणं म्हणजे घसरणं. पहिला मान अर्थातच माझा. बांधावरून मामांनी मला मागून असा काही रेटा दिला की मी खरोखरच दोन-तीन हात घसरलो. त्या क्षणी मला वाटलं, जमतंय की! मग फळ्या चिखलात शिरल्या, त्यामागून मी शिरलो आणि गुडघ्यापर्यंत जाऊन थांबलो. पलीकडे एक गावातली बाई चिंबोऱ्या धरत होती. तिने कंबर सरळ करून विचारलं, "काय हरवलंय काय चिखलान?"

"हिमालयाची तयारी चाललीय, बाई," मामा बांधावरून म्हणाले.

"मंग रस्ता चुकलाव," ती म्हणाली, आणि येऊन एका हाताने मला उपटून काढलं. बूट आणि फळ्या खाडीला मिळाल्या. तरीही मामा खूश होते. "घसरणं जमलंय तुम्हाला. आणि थांबणं तर उत्तमच." थांबणं हे माझं नसून चिखलाचं कर्तृत्व होतं, ही गोष्ट तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. ती पुढे आली.

त्या दिवसांत छोटी विमानं भाड्याने देणाऱ्या खासगी कंपन्या नुकत्याच निघाल्या होत्या. अशाच एका कंपनीच्या सांताक्रूझच्या ऑफिसात मामा मला घेऊन गेले. समोर मिशीवाले, रुबाबदार कॅप्टनसाहेब. आम्ही कुठल्याशा बड्या कारखान्याचे अधिकारी असणार असं समजून त्यांनी कॉफी मागवली. मामांनी कॉफी पिऊन घेतली आणि मग गाडी करताना नेहमी विचारायचे ते प्रश्न विचारले. ड्रायव्हरचं जेवण आमच्याकडे की तुमच्याकडे? वाटेत कुठे थांबायचं झालं तर थांबतो का? निघायला पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर कटकट नाही ना करणार? साहेबांची मिशी थरथरत होती. मी कॉफीच्या कपात शिरायचा प्रयत्न करत होतो. मग साहेबांनी एका कागदावर आकडा लिहून तो आमच्याकडे सरकवला. मी तो वाचला आणि उठून उभा राहिलो. मामा बसूनच राहिले. कागद तसाच परत सरकवून म्हणाले, "साहेब, नाशिकहून कांदा घेऊन ट्रक येतो, तो जाताना रिकामा जातो. त्याला रिटर्न गाडी म्हणतात. तुमची अशी रिकामी जात नाही का?"

कॅप्टनसाहेबांचा चेहराच बदलला. त्यांनी मामांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "जाते ना, काका," ते मराठीत म्हणाले. इतका वेळ ते इंग्रजीत बोलत होते. एक श्रीमंत कुटुंब दर वर्षी कुलूच्या बाजूला बर्फात जायचं आणि त्यांना परत आणायला विमान इथून मोकळंच जायचं. तारीख त्या लोकांच्या मर्जीवर. निरोप आला की दुसऱ्या दिवशी निघायचं, आणि येताना आमचं आम्ही. आता जो आकडा निघाला तो मामांनी आयुष्यभर जे साठवलं होतं त्यात बसणारा होता. आयुष्यभर नेमकं कशासाठी साठवलं होतं हे त्यांनाही तोवर माहीत नव्हतं.

मग सुरू झालं वाट बघणं. फोन फक्त तळमजल्यावरच्या देशपांड्यांकडे. तिथे घंटी वाजली की चार मजले श्वास रोखून धरायचे. बिल्डिंगमधली बरीच मंडळी यायला तयार झाली होती. माकडटोप्या आणल्या गेल्या, हातमोजे विणले गेले, आणि सवय असावी म्हणून लोक डोंबिवलीच्या घामात स्वेटर घालून बाजारात जाऊ लागले. मीही घातला. भाजीवाल्याने मला थंडीताप आहे समजून डॉक्टरचा पत्ता दिला. शेवटी एके दुपारी देशपांडेकाका जिन्यातूनच ओरडले, "मामा! उद्या सकाळी!" आणि संध्याकाळपर्यंत कुणाची सासू आजारी पडली, कुणाला रजा नाकारली गेली, एकाच्या तर कुत्र्याला करमेना. मीही काहीतरी शोधत होतो. पण माझी सासू धडधाकट, रजा मंजूर आणि कुत्रा नाही. उरलो आम्ही चौघं.

विमान प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा माझा जो काही धीर होता तो संपला. "मामा, ह्याला पंखे आहेत!" मी म्हणालो.

"बरं झालं. वारा येईल," मामा म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. विमानाला लहानशी लोखंडी शिडी लावली होती आणि मामी ती चढत होत्या. एक पायरी, मग दुसरा पाय तिच्यावर, मग थोडं थांबून पुढची. वैमानिक वर दारात उभा, कामगार खाली उभे, पंखे बंद. मामा शिडीशी हात वर करून उभे होते, एखाद्या पोलिसाने रस्ता अडवून धरावा तसे. "सावकाश चढ गं. घाई नाही. गाडी आपली आहे." तेव्हा विद्या माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "त्यांचं नवीन लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. मामी बसमध्ये चढत होती. पाय वर घ्यायच्या आत बस सुटली. रस्त्यावर पडली, लोक हसले. तेव्हापासून मामा तिकीट काढत नाही."

एवढी वर्षं मी या माणसाला चक्रम समजत होतो. माझ्या हातातली पिशवी मी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

विमानातलं वर्णन मला करता येणार नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, पंखे फिरायला लागले तेव्हा मी जे डोळे मिटले ते मध्ये दिल्लीला पेट्रोल भरायला थांबलो तेवढे उघडले आणि परत मिटले. कानावर पंख्यांची घरघर आणि मामींची अखंड बडबड, एवढंच मला आठवतं. विद्या उलटीची गोळी घेऊन बसल्याबसल्याच झोपली होती.

कुलूच्या खोऱ्यातल्या त्या चिमुकल्या विमानतळावर उतरलो तर विमानात बसायला ते श्रीमंत कुटुंब तयारच उभं होतं. एकीकडून आम्ही उतरतोय, माकडटोप्या, स्टोव्ह, लाडवांचे डबे. दुसरीकडून ते चढतायत, काळे चष्मे, लोकरीचे झगे. आणि त्यांच्यातल्या तरण्याबांड मुलाला चौघांनी उचललेलं, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. "कैसे हुआ?" मी कापऱ्या आवाजात विचारलं. "स्कीइंग," तो म्हणाला. मी परत शिडीकडे वळलो होतो. मामांनी माझा दंड धरला आणि त्या मुलाला विचारलं, "मजा आया?" तो मुलगा वेदनेतही तोंडभर हसला. "बहोत, अंकल!" मामा मला म्हणाले, "ऐकलंत?"

दुसऱ्या दिवशी मनालीच्या वरच्या अंगाला बर्फावर पोचलो. भाड्याचे बूट, भाड्याच्या स्की. शिकवायला एक हसरा पहाडी माणूस. पहिला मान माझा. मी उभा राहिलो आणि जागच्या जागी, कुणीही न ढकलता, पूर्ण आडवा झालो. त्याने उभं केलं, पुन्हा झालो. चार-पाचदा असं झाल्यावर तो म्हणाला, "बाबूजी, आप बैठके देखो." इतका चांगला सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मग मामा निघाले. निघाले ते निघालेच. सरळ, ताठ, काय वेग! आणि मग आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की थांबायचं कसं हे कुणी शिकलेलंच नाही. इथे चिखल नव्हता. मामा शिकाऊ लोकांच्या रांगेतून गेले, चहाच्या टपरीसमोरून गेले, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" असं हिमाचली लोकांना मराठीत बजावत गेले आणि लांब एका बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत घुसले. बाहेर आले ते टोपीशिवाय, पण विजयी.

मामी शाल गुंडाळून टपरीच्या बाकावर बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. जडजड बूट घालून इकडून तिकडे जाणाऱ्या माणसांकडे त्या टक लावून बघत होत्या. कुणी एका अंगावर झुकत होतं, कुणी पाय ओढत होतं, कुणी दर पावलाला थांबत होतं. "विदे," त्या म्हणाल्या, "इथे सगळेच माझ्यासारखे चालतायत गं." आणि शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली. "मला पण घालायचंय ते."

मामा धापा टाकत वर आले होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "नको. तू नको. पडशील."

"मग विमान कशाला केलंत?"

मामा नुसते मामींच्या पायांकडे बघत राहिले. त्या पहाडी माणसाने डाव्या बुटात लोकरीची घडी घालून उंची जमवली, पट्टे आवळले, आणि मामींना हळू उताराच्या कडेला नेऊन उभं केलं. "माँजी, घुटना थोडा मोडो. बस." मामा एका बाजूने त्यांचा दंड पकडून उभे होते. तो पहाडी माणूस हसून म्हणाला, "बाबूजी, छोडोगे तो जाएगी ना."

मामांनी सोडलं.

मामी गेल्या. फार वेगाने नाही, पण एकसंध, न अडखळता, न झुकता, कापडावरून कात्री जावी तशा. मी त्यांना तशा जाताना कधीच पाहिलं नव्हतं, मामांनीही नसावं. क्षणभर ते तसेच उभे राहिले आणि मग भानावर येऊन मागून धावत सुटले. धावता कुठलं येतंय त्या बर्फात! दोन पावलं टाकली आणि मांडीपर्यंत रुतले. "अगं थांब! थांब ना गं!" ते ओरडत होते. उतार जिथे सपाट झाला तिथे मामी आपोआप थांबल्या. वळून वर पाहिलं. मामा अर्धे बर्फात, एक बूट हरवलेला, हात हवेत.

"या सावकाश!" मामींनी खालून हाक मारली. "मी थांबलेय."

मामा तिथेच बर्फात बसले आणि लहान मुलासारखं हसायला लागले. मग ते हसणंच होतं की आणखी काही, ते लांबून मला नीट कळलं नाही. माझ्या हातात मामींची शाल होती. ती मी घट्ट धरून ठेवली होती, बाकी काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

येताना आम्ही चौघं साध्या गाडीने, रीतसर तिकीट काढून आलो. मामांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर मात्र पुढची कित्येक वर्षं डोंबिवलीत त्यांनी ते विमान उडवलं. गणपतीच्या मंडळात, बारशांना, तेराव्यालासुद्धा. बर्फाबद्दल ते दोन वाक्यांत आटपायचे, वर्णन विमानातलं. "खाली शेतं कशी, माहितेय? नव्या-जुन्या तुकड्यांची गोधडी पसरावी तशी. नदी म्हणजे कुणीतरी जरीचा काठ उसवून टाकलाय. आणि डोंगरांवर बर्फ असा, की पांढऱ्या कापडाला उलट्या बाजूने इस्त्री केलीय." लोक तोंडात बोट घालून ऐकायचे. मलाही एका गोष्टीचं नवल वाटायचं. जन्मभर रंगांत काम केलेला माणूस, पण त्या वर्णनात एकही शेड नाही. सगळं कापड आणि शिवण.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामी आमच्याकडेच राहायला आल्या आहेत. परवा संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. वरून एक विमान गेलं. त्यांनी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "ह्यांनी त्या दिवशी काही म्हणजे काही पाहिलं नाही हो. विमान हललं आणि ह्यांनी डोळे गच्च मिटले. माझा हात असा धरून ठेवलेला, रग लागली मला. मग मीच खाली बघायचे आणि ह्यांना सांगत राहायचे. हे नुसते म्हणायचे, 'पुढे? पुढे काय दिसतंय?'"

मामींनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही तर समोरच बसला होतात. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

"मी बाहेर बघत होतो, मामी," मी म्हणालो.

मामी हसल्या. वैमानिक सोडला तर त्या विमानात उघड्या डोळ्यांचं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाने सगळंच पाहिलं होतं.